मुलांसोबत ओव्हनशिवाय ख्रिसमसचा खाऊ: आधी हातांचा विचार, मग कृतीचा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ख्रिसमसच्या आदल्या दिवशी चार ते दहा वर्षांची सहा मुलं तुमच्याकडे जमणार आहेत आणि ओव्हन न लावता त्यांच्यासोबत काहीतरी गोड करायचं आहे. गेल्या वर्षी ट्रफल करायचा घाट घातला होता, तेव्हा चॉकलेटच्या गुठळ्या झाल्या, गोळे हाताला चिकटत राहिले, मुलं पंधरा मिनिटांत पांगली आणि उरलेलं सगळं तुम्हीच रात्री निस्तरलंत. यंदा त्यात एका मुलीच्या शेंगदाण्याच्या ॲलर्जीची भर पडली आहे. म्हणून तुम्हाला "आणखी सोप्या" कृती हव्या आहेत.

मी मुलांच्या स्वयंपाकाच्या कार्यशाळा घेते. त्या अनुभवावरून सांगते, तुमची कृती अवघड नव्हती. चॉकलेट आणि क्रीम गरम करायचं, फ्रीजमध्ये दोन तास ठेवायचं, गोळे वळायचे, पुन्हा चॉकलेटमध्ये बुडवायचे. मोठ्या माणसाला हे सोपंच आहे. पण यात मुलांच्या हाताला काम किती वेळ आहे ते बघा. वितळवणं गरम, म्हणून ते तुमचं. ढवळायला भांडं एकच, म्हणून ते एकाच मुलाचं. पुढे दोन तास कोणालाच काही नाही. मुलं पळाली नसती तरच नवल. ओव्हन नाही म्हणजे पदार्थ मुलांसाठी सोपा, असं आपण गृहीत धरतो; प्रत्यक्षात भाजण्याऐवजी थांबणं येतं, आणि तेही भाजण्यापेक्षा जास्त वेळ. बिस्किटं ओव्हनमध्ये बारा-पंधरा मिनिटांत होतात, शिवाय काचेतून फुगताना तरी दिसतात. फ्रीजच्या बंद दारामागे बघण्यासारखं काही नसतं.

कृती हातात आली की मी प्रत्येक पायरीसमोर दोनच गोष्टी लिहिते: हे कोण करणार आणि त्याला किती वेळ लागणार. मुलांच्या एका कामानंतर पुढचं काम यायला दहा मिनिटांहून जास्त लागत असतील, तर ती कृती मी एकतर मोडून आदल्या दिवशी अर्धी उरकते, नाहीतर सरळ सोडून देते. तुमच्या ट्रफलला मी याच कारणासाठी यादीतून काढेन. चवीला ते उत्तमच, पण मोठ्यांनी मोठ्यांसाठी करावं.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर सोडते. खोली गरम असेल तर चॉकलेटचं काम कमी ठेवा आणि बिस्किटांचं वाढवा. फ्रीजमध्ये एक अख्खा ट्रे सपाट बसेल एवढी जागा नसेल तर पुढे दिलेली चॉकलेट बार्क (चॉकलेटचा गोठवून मोडायचा पातळ थर) दोन लहान ताटल्यांत करावी लागेल. येणाऱ्या मुलांपैकी कोणी शाकाहारी असेल तर मार्शमॅलोचं पाकीट उलटून वाचा, कारण साध्या मार्शमॅलोत जिलेटिन असतं आणि ते प्राणिजन्य आहे. आणि ॲलर्जी किती तीव्र आहे हे त्या मुलीच्या आईवडिलांखेरीज कोणी सांगू शकणार नाही.

ॲलर्जीचं आधी उरकू, कारण सगळी खरेदी तिच्यावर ठरते. फोन करून नेमकं विचारा: फक्त शेंगदाणा, की बदाम, काजू, अक्रोड, हेझलनटसुद्धा? शेंगदाणा हे कडधान्याच्या कुळातलं, बाकीचे झाडावरचे. काही मुलांना एकाची असते, काहींना दोन्हींची. पाकिटावर "अंश असू शकतात" असं छापलेलं असेल तर चालतं का, हेही विचारा. त्यांनी काय आणायचं, काय टाळायचं हे सांगितलं की पूर्ण बेतच त्यानुसार करा. तिच्यासाठी वेगळी ताटली ठेवायची कल्पना सहा मुलांच्या बारा हातांत टिकत नाही. चॉकलेट, बिस्किटं, पोहेवजा सीरियल, स्प्रिंकल्स, प्रेट्झेल (गाठीच्या आकाराची खारी कुरकुरीत बिस्किटं), सगळ्यांची लेबलं वाचा आणि पाकिटं टाकू नका. खाऊ संपेपर्यंत एका पिशवीत जपून ठेवा. घरातली उघडलेली स्प्रिंकल्सची बाटली वापरू नका, तिच्यात कधी कुठला चमचा गेला असेल ते आठवणं शक्य नाही. पीनट बटर ज्यांना कधी लागलं असेल असे लाकडी चमचे-पाट दूर ठेवा.

चार वर्षांच्या मुलासाठी एक वेगळी काळजी आहे. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, बदाम, काजू देऊ नयेत, ॲलर्जी असो वा नसो, घशात अडकतात. तेच कडक गोळ्यांचं आणि मार्शमॅलोचं. मार्शमॅलो मऊ असल्यामुळे निर्धास्त वाटतो, पण तोंडात फुगतो आणि चिकटतो. त्याचे लहान तुकडे करून द्या आणि खाताना मूल बसलेलं असू द्या. कँडी केन (काठीच्या आकाराची लाल-पांढरी कडक गोळी) कुटून वापरणार असाल तर अगदी बारीक कुटा. सजावट टोचून बसवायला टूथपिक वापरू नका, ती कोणाच्या तरी घासात जाते.

"न भाजता" या नावाखाली कच्च्या कुकी-पिठाचे गोळे फार फिरतात. ते करू नका. मैदा किंवा कणीक ही कच्ची वस्तू आहे. दळताना त्यातले जंतू मरत नाहीत. अमेरिकेत २००९ साली तयार कुकी-पिठातून आणि २०१६ साली नुसत्या मैद्यातून ई. कोलाय या जंतूची साथ पसरली होती. घरी मायक्रोवेव्हमध्ये मैदा गरम करून तो निर्धोक होतो याची खात्री देता येत नाही. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यातलं आयसिंगही मुलांच्या घोळक्यात नको. आयसिंग शुगर आणि पाणी एवढ्यावर काम भागतं: १०० ग्रॅमला साधारण एक मोठा चमचा पाणी, तेही थेंबाथेंबाने.

आता प्रत्यक्ष बेत. माझा भर दोन प्रकारांवर असतो आणि दोन्ही ४०० ग्रॅमच्या एकाच कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यात होतात. अर्धा डबा बिस्किटांच्या गोळ्यांना, अर्धा खोबऱ्याच्या गोळ्यांना.

बिस्किटांचे गोळे ट्रफलसारखे दिसतात पण वागतात वेगळे, आणि ते का हे कळलं की तुमच्या गेल्या वर्षीच्या चिकट हातांचं कोडं सुटतं. ट्रफलला घट्ट धरून ठेवतं ते थंड झालेलं कोको बटर, म्हणजे चॉकलेटमधली चरबी. ते साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळतं, आणि तळहाताची ऊब जवळजवळ तेवढीच. मोठं माणूस गोळा दोन-तीन सेकंदांत वळून खाली ठेवतं. मूल तसं करत नाही. त्याला तो अगदी गोल हवा असतो, म्हणून ते फिरवत बसतं, थांबून बघतं, पुन्हा फिरवतं, आणि तेवढ्यात गोळा हातातच सैल होतो. मग दुसरा हात लागतो, मग शर्ट. बिस्किटांच्या गोळ्याला बांधून ठेवतो तो कंडेन्स्ड मिल्कमधला साखरेचा दाट चिकटपणा. हाताच्या उबेने त्याचं फारसं काही बिघडत नाही. मूल पाच मिनिटं वळत बसलं तरी चालतं.

प्रमाण असं: साधी, क्रीम नसलेली बिस्किटं २०० ग्रॅम, कोको पावडर २० ग्रॅम, सुकं बारीक किसलेलं खोबरं ४० ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्क १५० ते २०० ग्रॅम. आधी बिस्किटांचा चुरा. जाड प्लास्टिकची पिशवी घ्या, शक्यतो एकात एक दोन, अर्धीच भरा आणि तोंड बांधण्याआधी हवा दाबून काढा. हवा राहिली की पहिल्याच दणक्याला पिशवी फुटते. प्रत्येक मुलाला थोडी बिस्किटं घातलेली स्वतःची पिशवी द्या. लाटणी सहा नसतील तर वाटीच्या बुडाने ठेचलं तरी होतं. हे काम मुलांना जितकं आवडतं तितकं दुसरं कुठलंच आवडत नाही, त्यामुळे घाई करू नका, पण मध्ये एकदा पिशव्या हातात घेऊन बघा. सगळ्याची पूड झाली तर गोळे पिठूळ लागतात. मोठे तुकडे राहिले तर गोळा नेमका तिथेच फुटतो. बहुतेक पूड आणि मधूनमधून डाळीएवढे कण, हे बरोबर. चुऱ्यातला मूठभर बाजूला काढून ठेवा.

कोरडं सगळं आधी एकत्र करा, मग १५० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क घाला आणि कालवून पाच मिनिटं तसंच राहू द्या. बिस्किटांना ओलावा शोषायला वेळ लागतो. लगेच कोरडं वाटलं म्हणून आणखी ओतलं की पाच मिनिटांनी ते सैल पडलेलं असतं. मग परीक्षा घ्यायची, आणि ती मुलांकडूनच करून घ्यायची. मूठभर मिश्रण दाबा आणि मूठ उघडा. बोटांचे ठसे उमटलेले आहेत आणि गोळा जागच्या जागी आहे, तर जमलं. कडेने भेगा पडून चुरा गळतोय, तर कंडेन्स्ड मिल्कचा एक चमचा आणखी. ठसे मिटून वर ओलसर चकाकी येतेय आणि तळहातावर थर राहतोय, तर मघाचा बाजूला काढलेला चुरा दोन चमचे. आठ-दहा वर्षांची मुलं हे इतकं गांभीर्याने करतात की नंतर तुम्हाला मध्ये बोलायची सोय राहत नाही. चमचाभराने नेमकं काय बदलतं हे त्यांना हाताने कळतं, आणि पुढचा गोळा बिघडला तर तो दुरुस्त कसा करायचा हेही.

मिश्रण एका परातीत मध्ये ठेवू नका. ढकलाढकली तिथून सुरू होते. सहा वाट्यांत वाटून द्या, प्रत्येकाच्या वाट्याला साधारण पाच गोळे येतील. वाटीशेजारी घोळायला खोबरं किंवा कोको. हात चिकटायला लागले तर तूप-बटर न लावता ओल्या फडक्याला पुसून कोरडे करायचे, एवढंच.

याच गोळ्यांचे रेनडिअर होतात. प्रेट्झेल मधोमध मोडला की दोन शिंगं मिळतात, डोळ्यांना चॉकलेटचे कण, नाकाला लाल मऊ गोळीचा तुकडा. शिंगं गोळा वळल्या वळल्या खोचा. फ्रीजमध्ये घट्ट झाल्यावर खोचलीत तर गोळ्याला चीर जाते आणि रेनडिअरचं डोकं उकलतं.

खोबऱ्याच्या गोळ्यांना २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क आणि १५० ग्रॅम सुकं बारीक खोबरं, चिमूटभर मीठ, हवं तर व्हॅनिलाचे थेंब. यात एकच खुबी आहे, ती म्हणजे मुरवणं. कालवल्या कालवल्या हे मिश्रण पातळ वाटतं आणि माणूस खोबरं ओतत सुटतं. पंधरा मिनिटांनी तेच दाणेदार कोरडं होऊन बसतं. म्हणून मुलं आल्या आल्या पहिलं काम हे: कालवायचं, झाकायचं, विसरायचं. मग बिस्किटं कुटायला घ्यायची. परत वळेपर्यंत ते तयार असतं. वळून वरून खोबऱ्यात घोळवले की बर्फाचे गोळे. लहानमोठे दोन एकावर एक ठेवून मध्ये वितळलेल्या चॉकलेटचा ठिपका दिला की स्नोमॅन उभा राहतो. तो जरा वाकडाच उभा राहतो.

लाल-हिरवा रंग हवाच असेल तर खोबऱ्याला द्या. पिशवीत खोबरं, खाण्याच्या रंगाचे दोन-तीन थेंब, पाण्याचा अर्धा चमचा, तोंड बांधून चोळायचं. चार वर्षांच्या मुलाला हे काम एकट्याने करता येतं आणि हात रंगत नाहीत. पांढऱ्या चॉकलेटमध्ये मात्र साधा द्रवरूप रंग कधीच टाकू नका. त्यात पाणी असतं, आणि इथून आपण तुमच्या गुठळ्यांकडे येतो.

चॉकलेट म्हणजे चरबीत विखुरलेले साखरेचे आणि कोकोचे कोरडे कण. त्यात पाण्याचे दोन-चार थेंब पडले की साखर ओलसर होते आणि कण एकमेकांना धरायला लागतात. चकाकी एकदम जाते आणि चमच्याभोवती ओल्या वाळूसारखा गोळा जमतो. गरम करत राहिलं तर तो आणखी घट्ट होतो. पाणी येतं कुठून? धुऊन नीट न पुसलेल्या चमच्यातून, उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्याच्या कडेने वर येणाऱ्या वाफेतून, आणि झाकणातून. चॉकलेटवर झाकण ठेवलं की वाफ साचून थेंब आतच पडतो. मुलं आजूबाजूला असताना आणखी एक वाट असते, ती म्हणजे धुतलेले ओले हात. म्हणून हात पुसायचं फडकं चॉकलेटपासून लांब, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला.

गंमत अशी की थोड्या पाण्याने बिघडलेलं चॉकलेट जास्त पाण्याने सुधारतं. गरम दूध किंवा क्रीम चमच्याचमच्याने घालत ढवळायचं. १०० ग्रॅम गडद चॉकलेटला दोन मोठे चमचे तरी लागतात. ते पुन्हा सुरळीत होतं, पण नंतर कडक गोठत नाही, त्यामुळे बार्कला चालणार नाही. ते बिस्किटांच्या गोळ्यांत कंडेन्स्ड मिल्कच्या काही भागाऐवजी घाला, उलट चव वाढते. फक्त मग ते गोळे फ्रीजमध्येच ठेवा. गुठळी पाण्याने झाली की जळून, हे मात्र आधी ओळखा. जळलेल्याला करपट वास येतो आणि ते रवाळ, कोरडं दिसतं. त्याला उपाय नाही. पांढरं चॉकलेट सगळ्यात लवकर जळतं. मायक्रोवेव्ह असेल तर निम्म्या ताकदीवर वीस-तीस सेकंद, बाहेर काढून ढवळणं, पुन्हा वीस सेकंद. तुकडे अर्धवट वितळलेले दिसले की थांबा, उरलेलं काम भांड्याची ऊब करते.

बार्क म्हणजे बटर पेपरवर वितळलेल्या चॉकलेटचा पातळ थर पसरून वर सजावट टाकायची आणि गोठला की हाताने मोडायचा. साधारण २५ बाय ३० सेंटिमीटरच्या कागदावर ३०० ग्रॅम चॉकलेट पसरलं की तीनेक मिलिमीटरचा थर होतो. त्याहून पातळ केला तर मोडताना चुरा होतो. मुलांचं काम वरून टाकण्याचं: मनुका, सुक्या क्रॅनबेरी, भोपळ्याच्या बिया, कुटलेली कँडी, रंगवलेलं खोबरं. कागदावर आधीच पेनाने सहा चौकटी आखून, उलटा करून ठेवलात आणि प्रत्येकाला एक चौकट दिलीत तर भांडण होत नाही. चॉकलेट पसरल्यावर रेघा दिसत नाहीत, म्हणून ट्रेच्या कडेला नावाच्या चिठ्ठ्या चिकटवा. सजावटीला पाच-सात मिनिटं मिळतात, त्यानंतर वरचा थर गोठतो आणि टाकलेलं घरंगळून खाली येतं. त्यामुळे सजावटीच्या वाट्या आधी मांडा, चॉकलेट नंतर ओता.

चॉकलेट कुठलं घ्यावं? कोको बटर असलेलं खरं चॉकलेट नुसतं वितळवून गोठवलं तर ते मऊ, मळकट पट्ट्यांचं होतं, कारण कोको बटरचे स्फटिक सहा प्रकारे जमू शकतात आणि त्यांतला एकच प्रकार चकचकीत व कडक निघतो. तो मिळवायला दोन तृतीयांश चॉकलेट वितळवायचं, विस्तवावरून उतरवून उरलेलं एक तृतीयांश बारीक चिरून त्यात घालायचं आणि ढवळत ढवळत निववायचं. गडद चॉकलेट ३१-३२ अंशांवर आलं की पसरायला तयार. थर्मामीटर असेल आणि हौस असेल तर जरूर करा. सहा मुलं वाट बघत असताना मी कंपाउंड चॉकलेट घेते. त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतीजन्य चरबी असते, वितळवून ओतलं की आपसूक कडक होतं. चव कमी पडते हे खरं, पण वर एवढं काही पडलेलं असतं की मुलांना फरक पडत नाही. खरं चॉकलेट वापरून पट्टे आलेच तर ते बुरशी नव्हे, खायला बिनधोक आहेत.

मार्शमॅलोच्या वड्यांबद्दल थोडक्यात. ५० ग्रॅम बटरवर ३०० ग्रॅम मार्शमॅलो वितळवायचे, त्यात १८० ग्रॅम कुरकुरीत तांदळाचं सीरियल घालून बटर लावलेल्या ट्रेमध्ये थापायचं. १९३९ साली अमेरिकेत मिल्ड्रेड डे आणि मलिट्टा जेन्सन यांनी ही कृती बसवली आणि त्यात अजूनही बदलण्यासारखं काही नाही. माझी अडचण अशी की वितळलेला मार्शमॅलो साखरेच्या पाकासारखाच भाजतो, शिवाय चिकटून राहतो. म्हणून वितळवणं आणि कालवणं तुमचं, आणि हाताला सोसवेल इतकं निवल्यावरच मुलांनी बटर लावलेल्या हातांनी थापायचं, तेही हलक्या हाताने. जोर लावला की वड्या चिवट होतात. जिलेटिन नसलेले मार्शमॅलो वितळताना वेगळे वागतात, तेव्हा आदल्या दिवशी चार-पाच वितळवून बघा. तुमच्या बेतात हा चौथा प्रकार आहे. वेळ उरला तर करा, नाहीतर सोडा.

क्रम एकदा सलग सांगते, कारण सगळी मेख त्यातच आहे. आदल्या दिवशी तुम्ही एकटीने लेबलं वाचायची, कागद कापून आखायचा, वाट्या मोजून ठेवायच्या. मुलं आली की हात धुणं, मग खोबरं कालवून झाकणं. बिस्किटं कुटणं. मिश्रण मुरतंय त्या पाच मिनिटांत खोबऱ्याला रंग देणं. बिस्किटांचे गोळे, शिंगं. मग खोबऱ्याचे गोळे. यांत चॉकलेट वितळवायचं कुठेच नाही (स्नोमॅनचा ठिपका नंतर बार्कच्या चॉकलेटमधून द्या), त्यामुळे गुठळ्यांची भीती नाही. मुलं खोबऱ्यात रमली की तुम्ही शांतपणे चॉकलेट वितळवून पसरायचं आणि सगळ्यांना सजावटीला बोलवायचं. ट्रे फ्रीजमध्ये गेला की हात धुणं, डब्यांना चिठ्ठ्या लावणं, थोडं खाणं. अर्ध्या तासाने बार्क मोडायची. मोडणं शेवटी ठेवा; पळालेली मुलं त्या आवाजाला परत येतात. सगळं मिळून दीड तासात होतं.

वयानुसार कामं वाटताना चार वर्षांच्याला कुटणं, चोळणं आणि घोळवणं द्या. सहा-सात वर्षांची मुलं मोजतात छान, त्यांच्यापुढे वजनकाटा ठेवा आणि आकडा वाचू द्या. दहा वर्षांच्याला चॉकलेट ढवळायला जवळ उभं करता येईल, पण त्याला लहानांवर देखरेख ठेवायला लावू नका. तो हुकूम सोडायला लागतो आणि स्वतःचं काम राहून जातं.

बोटं चाटण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते होणारच. दर वेळी हात धुवायला पाठवणं शक्य नसतं. मी पहिल्यापासून सांगून टाकते की तुमच्या वाटीतलं तुमचं, ते घरी न्यायचं आणि घरच्यांनीच खायचं. शेजारी किंवा पाहुण्यांना द्यायचं असेल तर त्यासाठी अर्धं मिश्रण वेगळं ठेवा आणि मुलं गेल्यावर वळा. चाखायला म्हणून मध्ये बिस्किटांच्या तुकड्यांची एक वाटी ठेवली की कच्च्या मिश्रणावरची धाड बरीच कमी होते. कोणाला सर्दी-खोकला किंवा पोट बिघडलेलं असेल तर त्या मुलाला सजावट निवडायचं काम द्या, वळायचं नको.

ठेवणीचं असं आहे. दोन्ही प्रकारचे गोळे झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून, फ्रीजमध्ये आठवडाभर राहतात. प्रेट्झेलची शिंगं मात्र दुसऱ्या दिवसापासून मऊ पडतात, तेव्हा रेनडिअर आधी संपवा. बार्क कोरड्या, थंड जागी याहून बरीच जास्त टिकते; कँडी कुटून टाकली असेल तर ती दमट हवेत पाझरते, म्हणून डबा घट्ट बंद ठेवा. मार्शमॅलोच्या वड्या फ्रीजमध्ये कडक होतात, त्या बाहेरच ठेवून दोन-तीन दिवसांत खाव्या. मुलं घरी नेतील त्या प्रत्येक डब्यावर आत काय काय आहे ते सगळे जिन्नस लिहून द्या, आणि त्या मुलीच्या आईला हवं असेल तर जपून ठेवलेल्या पाकिटांचे फोटो पाठवा.